कपाटातले कन्सोल आणि वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या कलेक्शनबद्दल लिहिलं होतं, की मी जुने कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, आणि त्यांचे गेम जमवते पण काचेच्या कपाटात लावून बघत बसायला नाही तर खेळायला, आणि जो गेम परत लावावासा वाटत नाही तो सरळ कोणाला तरी देऊन टाकते. त्यावर पत्रं आली, बरीच आली, काही प्रेमाची काही भांडणाची. सगळी छापणं शक्य नाही, आणि जी लांबलचक होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई, एवढे गेम आहेत तुमच्याकडे, पण त्यातला एकच ठेवायचा म्हटलं तर कुठला ठेवाल? दोन-तीन नावं सांगून सुटका करून घ्यायची नाही.

तेच करणार होते मी, पण ठीकाय. सुपर मेट्रॉइड. सुपर निन्टेंडोवरचा, १९९४ चा.

का ते सांगते. हा गेम तुम्हाला काहीच सांगत नाही आणि तरी सगळं शिकवतो. सुरुवातीला एका अवकाश स्थानकावर रिडली नावाचा उडता राक्षस येतो, मेट्रॉइड नावाच्या जीवाचं पिल्लू उचलून पळतो, स्थानक फुटायला एक मिनिट उरलेलं असतं आणि तुम्ही धावत सुटता. मग झीबेस ग्रहावर उतरता तर पाऊस पडतोय आणि कोणीच नाही. खरंच कोणीच नाही, खाली खाली जात राहता, १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइडची शेवटची लढाई झाली होती ती खोली लागते, मोडकी, अंधारी, ज्यांनी तो जुना गेम खेळलाय त्यांच्या अंगावर काटा येतो आणि ज्यांनी नाही खेळला त्यांनाही इथे काहीतरी मोठं होऊन गेलंय एवढं कळतंच. तिथे मॉर्फ बॉल (गोळा होऊन गडगडत जायची ताकद) मिळतो, मिसाइल मिळतात, आणि परत वर यायला निघालात की तोच रिकामा रस्ता शत्रूंनी भरलेला. एक शब्द लिहिलेला नाही स्क्रीनवर. पण तुम्हाला कळतं की आपण आलोय हे कोणालातरी कळलंय.

आणि वॉल जंप, म्हणजे भिंतीवरून उडी! एका खोल खड्ड्यात तुम्ही अडकता, वर जायला वाट नाही, आणि तिथे तीन छोटे प्राणी असतात जे या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर जातात, परत खाली येतात, परत जातात. बस. तुम्ही बघायचं आणि करून बघायचं. दुसरीकडे एक शहामृगासारखा पक्षी पळत पळत जातो, थांबतो आणि सरळ वर झेपावतो, जोरात पळायची ताकद मिळाली की तेही तुम्हाला जमतं हे तेव्हा कळतं. वॉल जंपची ताकद तर तुमच्याकडे पहिल्यापासून होतीच, फक्त कोणी दाखवली नव्हती. आजकालचे गेम पहिला अर्धा तास ‘हे बटण दाबा, ते बटण दाबा’ करत बसतात ना, तेव्हा मला हे प्राणी आठवतात. शेवटी ग्रह फुटायला तीन मिनिटं असतात तेव्हा पळता पळता वाट वाकडी करून याच प्राण्यांना सोडवता येतं, गेम सांगत नाही, बक्षीसही देत नाही, फक्त शेवटच्या दृश्यात ग्रहावरून एक बारीकसा ठिपका निघून जाताना दिसतो. मी दरवेळी सोडवते.

हे सगळं २४ मेगाबिटच्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायची गेमची कॅसेट), म्हणजे ३ एमबी. फोनवर काढलेला एखादा फोटो पण त्याहून मोठा असतो.

प्रश्न: माझा भाचा म्हणतो मामा हे सगळे गेम फोनवर इम्युलेटरमध्ये चालतात, तुम्ही हे खोके कशाला गोळा करताय? मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही द्या.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे हो. इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, ही उत्तम गोष्ट आहे, कित्येक गेम आज जिवंत आहेत ते त्यामुळेच, आणि मीसुद्धा एखादा गेम शोधत फिरण्याआधी बऱ्याचदा तसाच खेळून बघते. पण गेम म्हणजे फक्त त्या चिपवरचा डेटा असं ज्याला वाटतं त्याला पुढच्या चार गोष्टी दाखवा.

मेटल गिअर सॉलिड, प्लेस्टेशन, १९९८. त्यात मेरिल नावाच्या मुलीशी रेडिओवर बोलायचं असतं आणि तिची फ्रिक्वेन्सी कुठे आहे तर, गेममधला एक माणूस सांगतो, सीडीच्या केसच्या मागच्या बाजूला. आता गंमत अशी की नेमकी त्याच वेळी तुमच्याकडे गेममध्येही एक डिस्क आलेली असते, म्हणून लोक ती उलटसुलट करून बघत बसायचे. पण केस म्हणजे तुमच्या हातातली खरीखुरी प्लास्टिकची केस! मागे छापलेल्या चित्रांपैकी एकात तो नंबर असतो, १४०.१५. ज्यांनी नुसती सुटी डिस्क घेतली होती ते अडकले. पुढे सायको मँटिस नावाचा मन वाचणारा खलनायक येतो, तुमचं मेमरी कार्ड वाचतो आणि कोनामीचे (हा गेम काढणारी कंपनी) कुठले गेम खेळलात ते तोंडावर सांगतो, कंट्रोलर जमिनीवर ठेवायला लावतो आणि मनाच्या शक्तीने हलवून दाखवतो (व्हायब्रेशन, अजून काय), आणि त्याला मारायचं तर कंट्रोलरची वायर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घालायची कारण मग त्याला तुमचं मन वाचता येत नाही. छळाच्या प्रसंगात बटण बडवून बडवून हात दुखला की नंतर डॉक्टर नाओमी सांगते कंट्रोलर दंडाला लाव, आणि तो थरथरतो, मालिश म्हणून. फोनच्या काचेवर बोटं घासून यातलं किती उरतं ते भाच्याला विचारा.

स्टारट्रॉपिक्स, एनईएस (सुपर निन्टेंडोच्या आधीचा निन्टेंडोचा कन्सोल), १९९०. डब्यात एक कागदी पत्र यायचं. गेममध्ये एका ठिकाणी कोड मागतात आणि तो मिळवायला ते पत्र पाण्यात बुडवायचं, मग अक्षरं उमटतात. कोड ७४७, आता सगळ्यांना माहितीय. पण न भिजवलेलं पत्र असलेला डबा कलेक्टर लोक किती जपतात ते बघा, आणि मला त्यात कायम हसू येतं, कारण न भिजवलेलं पत्र म्हणजे तो गेम त्या माणसाने तिथपर्यंत खेळलाच नाही.

बोकताई, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००३. कार्ट्रिजवरच उन्हाचा सेन्सर आहे. व्हँपायर मारायची बंदूक उन्हावर चार्ज होते, म्हणजे तुम्ही उठून बाहेर उन्हात जायचं. इम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की ऊन वाढतं. चालतं, पण मग तो गेम उरला कुठे?

आणि सॉनिक अँड नकल्स, १९९४, सेगाचा मेगा ड्राइव्ह. या कार्ट्रिजच्या डोक्यावर अजून एक खाच आहे. तिच्यात सॉनिक ३ चं कार्ट्रिज बसवलं की दोन्ही मिळून एक मोठा सलग गेम होतो. तो मनोरा कन्सोलवर उभा राहिलेला बघायलाच किती भारी वाटतं.

अजून एक, हे जरा गंभीर. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास केला, त्यात निघालं की तिथे २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात नव्याने विकतच मिळत नाहीत. म्हणजे खेळायचे तर जुनी प्रत शोधा, नाहीतर भाच्याचा रस्ता धरा. त्यामुळे मामा-भाच्यांनी भांडू नये, दोघंही एकच काम करताय.

प्रश्न: मग आता डिजिटल घेतलेले गेम? ते तर अकाउंटवर कायमचे राहतात ना?

‘कायमचे’ वर मी पैज लावणार नाही. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात २७ मार्च २०२३ नंतर काही विकत घेता येत नाही, आणि तिथे असे गेम होते जे दुसरीकडे कुठेच आले नाहीत. पी.टी. नावाचा तो भयानक हॉरर डेमो ऑगस्ट २०१४ मध्ये पीएस ४ वर (प्लेस्टेशन ४) आला, पुढच्या वर्षी काढून टाकला, मग लोक तो ज्या कन्सोलमध्ये आहे तो कन्सोलच सांभाळून ठेवायला लागले.

पण डिस्क आहे म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नका. द क्रू हा गाड्यांचा गेम डिस्कवर मिळत होता, पण ऑनलाइन सर्व्हरशिवाय चालतच नव्हता, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ती डिस्क नुसती चकती झाली. निन्टेंडोच्या स्विच २ वर तर आता असे काही गेम आहेत की कार्डात गेमच नाही, फक्त किल्ली आहे, गेम डाउनलोड करायचा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, घेताना वाचा. माझा नियम साधा आहे: इंटरनेट बंद करून गेम सुरू होतो का? होत असेल तर तो माझा.

प्रश्न: एनईएसमध्ये कार्ट्रिज घातलं की स्क्रीन नुसती लुकलुकते. सगळे म्हणतात फुंकर मार. मारतो, चालतो पण. मग तुम्ही ‘फुंकर मारू नका’ असं का लिहिलंत?

कारण चालतो तो फुंकरीने नाही, कार्ट्रिज काढून परत घातल्याने. परत घालताना पिना जरा वेगळ्या टेकतात, संपर्क होतो, आणि श्रेय फुंकरीला जातं. उलट तुमच्या श्वासातला ओलावा त्या तांब्याच्या टोकांवर बसतो आणि वर्षानुवर्षं ते काळं पडत जातं.

ती लुकलुक का होते ते मात्र ऐकण्यासारखं आहे. कन्सोलमध्ये एक चिप आहे, तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये, कन्सोल चालू असेपर्यंत दोघी आपापसात खूण जुळवत असतात, म्हणजे परवानगी नसलेलं कार्ट्रिज चालू नये. आता एखादी पिन नीट टेकली नाही की खूण जुळत नाही, कन्सोलची चिप म्हणते हा कोण परका, आणि रीसेट करते. परत प्रयत्न, परत रीसेट, साधारण सेकंदाला एकदा. तीच ती लुकलुक. म्हणजे गेम बिघडलेला नसतो, पहारेकरी संशयी असतो. त्यात त्या मॉडेलमध्ये कार्ट्रिज समोरून आत सारून खाली दाबायचं, त्याने ७२ पिनांचा कनेक्टर हळूहळू सैल होतो.

करायचं काय, तर किमान ९० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, कार्ट्रिजची टोकं पुसा, काडी काळी निघेल, दुसरी घ्या, काळी निघायची थांबली की वाळू द्या. एवढं केलं की बहुतेक गेम चालतात. नाहीच चालले तर कनेक्टर बघायचा.

प्रश्न: पोकेमॉन गोल्ड खूप वर्षांनी काढला आणि सेव्हच गायब. लहानपणीची सगळी टीम गेली. परत मिळेल का? आणि धाकट्या बहिणीच्या पोकेमॉन रूबीमध्ये बॅटरी संपल्याचा मेसेज येतो, तिचाही जाणार का?

तुमचा गेला. वाईट वाटतं सांगायला. त्या काळच्या गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह ज्या मेमरीत असतो तिला सतत थोडी वीज लागते आणि ती एका छोट्या गोल बॅटरीतून येते, बॅटरी मेली की सेव्ह पुसला. गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, गेममध्ये रात्र आणि दिवस होतात ना त्यासाठी, म्हणून त्यांची बॅटरी त्याआधीच्या रेड-ब्लूपेक्षा लवकर संपते. वर्षानुवर्षं कपाटात बंद असलं तरी घड्याळ चालूच.

बहिणीला मात्र सांगा घाबरू नको. रूबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, तो टिकायला वीज लागत नाही, बॅटरी फक्त घड्याळाची. मेसेज येईल, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतील, झाडांची फळं वाढायची नाहीत, पण टीम शाबूत.

आणि ज्यांचा सेव्ह अजून जिवंत आहे त्यांनी हे वाचून आजच उठा. कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडणारं छोटं यूएसबी रीडर मिळतं, त्याने सेव्हची कॉपी काढून ठेवा, मग बॅटरी बदला, मग कॉपी परत टाका. बॅटरीवर जो नंबर छापलाय त्याच नंबरची घ्या आणि पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली घ्या, नुसत्या सेलवर सोल्डरिंग करायला जाऊ नका, तापून फुटू शकतो. सोल्डरिंग कधी केलंच नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या.

प्रश्न: जुना मेगा ड्राइव्ह नव्या मोठ्या टीव्हीला लावला, चित्र इतकं घाण येतं की पोरं हसतात. आणि उडी मारायला बटण दाबलं की सॉनिक उशिरा उडतो. माझंच वय झालं का?

वय झालं असेलही, पण यात टीव्हीचा हात जास्त आहे.

जुने कन्सोल साधारण २४० ओळींचं चित्र पाठवतात, आणि ते जुन्या जाड काचेच्या टीव्हीसाठी बनवलेलं. नव्या टीव्हीला वाटतं हे ४८० ओळींचं अर्धं अर्धं येणारं चित्र आहे, मग तो ते जोडायला बसतो, ताणून मोठं करतो, त्यावर स्वतःची रंगरंगोटी करतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. तोच तुमच्या उडीतला उशीर. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तो लावा, थोडा फरक पडेल. खरा इलाज म्हणजे मधे लावायचा अपस्केलर, ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा, तो हे चित्र ओळखतो आणि जवळजवळ उशीर न करता मोठं करून देतो.

किंवा जुना टीव्ही. मी जुना टीव्ही ठेवलाय आणि घरात त्यावरून बोलणी खाते. पण सॉनिकच्या पहिल्या लेव्हलमधला धबधबा बघा ना, मेगा ड्राइव्हला पारदर्शक रंग नीट जमत नव्हते म्हणून बनवणाऱ्यांनी उभ्या उभ्या रेघा काढल्या, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. जुन्या केबलमधून आणि जुन्या टीव्हीवर त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि आरपार दिसणारं पाणी तयार होतं. नव्या टीव्हीवर एकदम स्वच्छ चित्र आणलं की रेघा दिसतात! म्हणजे ज्याला आपण धूसर म्हणतो त्या धूसरपणावर हिशोब करूनच ते चित्र काढलेलं होतं.

डक हंट या एनईएसवरच्या बदकं मारायच्या गेमची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालणारच नाही. घोडा दाबला की स्क्रीन एक क्षण काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला सेन्सर त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला का ते बघतो. टीव्हीवर तो चौकोन थोडा जरी उशिरा आला तरी बदक सुटलं.

हो आणि, तुमचा कन्सोल पाल पद्धतीचा (युरोप-भारतातली जुन्या टीव्हीची पद्धत) आहे का तेही बघा. जपान-अमेरिकेतले गेम सेकंदाला ६० चित्रांवर बनवलेले, पाल टीव्ही ५० वर, आणि बऱ्याच कंपन्यांनी तेव्हा काही न बदलता तसेच गेम विकले, म्हणजे सगळा गेम सहाव्या हिश्श्याने हळू. कित्येक लोक आयुष्यभर सॉनिक हळू खेळले आणि त्यांना माहितीच नाही.

प्रश्न: सीलबंद गेम घेऊन ठेवले तर चांगली गुंतवणूक होईल का?

मला विचारू नका. २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत लिलावात गेली आणि तोवरचे सगळे विक्रम मोडले, महिनाभरात सुपर मारिओ ब्रदर्सच्या एका प्रतीने तोही मोडला. सुपर मारिओ ६४ हा दुर्मिळ गेम नाहीये हो, लाखो प्रती आहेत. दुर्मिळ काय तर कोणीही न उघडलेला प्लास्टिकचा कागद. ज्यांना कागद जमवायचाय त्यांनी जमवावा.

प्रश्न: सगळे डोक्यावर घेतात पण तुम्हाला आवडत नाही असा गेम? खरं सांगा.

गोल्डनआय, निन्टेंडो ६४, १९९७. थांबा, फेकून मारू नका काही. तेव्हा तो थोर होता, कन्सोलवर नेमबाजीचा गेम असा होऊ शकतो हे त्याने दाखवलं, चौघांनी एका स्क्रीनवर एकमेकांना मारायचा भाग तर शेवटी शेवटी घुसवलेला आणि लोक तोच खेळत बसले. पण आज लावा. कंट्रोलरवरच्या एकाच काठीने चालायचं आणि बघायचं, चौघं खेळायला लागले की चित्र अडखळतं. आठवण म्हणून प्रेम आहे, गेम म्हणून आता हात वळत नाही. तो मी देऊन टाकला, आणि ज्याला दिला तो अजून माझ्याशी वाद घालतो.

त्याच काळातला ओकारिना ऑफ टाइम, १९९८, मात्र अजून लावते. शत्रूवर नजर बांधून ठेवायची युक्ती त्यात आली, झेड बटण दाबलं की कॅमेरा त्याच्यावरच राहतो, आणि थ्रीडीत तलवार चालवायचा सगळा गोंधळच संपला. आज जवळजवळ प्रत्येक मारामारीच्या गेममध्ये हे असतं.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की जो गेम परत लावत नाही तो देऊन टाकता. एकही अपवाद नाही? पटत नाही मला.

आहे एक. पकडलंत बरोबर. शॅडो ऑफ द कोलोसस, पीएस २, २००५.

फुमितो उएदा आणि त्याच्या टीमचा गेम. एक मुलगा, एक घोडा, एक मेलेली मुलगी जिला परत आणायचंय, आणि सोळा महाकाय प्राणी जे मारायचेत. बस. बाकी एकही शत्रू नाही, गाव नाही, दुकान नाही, उचलायला नाणी नाहीत. मोठ्ठ्या रिकाम्या प्रदेशात घोडा हाकत जायचं, संगीतसुद्धा नाही, टापांचा आवाज आणि वारा. तलवार उन्हात धरली की किरण एका दिशेला गोळा होतात, तिकडे जायचं. घोडासुद्धा पटकन ऐकत नाही, ओढाल तिकडे लगेच वळत नाही, लोक तक्रार करतात पण मला तेच आवडतं, तो घोडा आहे, गाडी नाही.

आणि मग तो प्राणी दिसतो. तुम्ही त्याच्या पायाच्या केसांना लोंबकळता, आर १ बटण दाबून धरायचं, सोडलं की पडलात. तो अंग झटकतो, पडद्यावरच्या मुलाची ताकद संपत येते आणि तुमचं बोट पण दुखायला लागलेलं असतं, दोघंही एकदमच दमता. हे एका बटणाने साधलंय! एका क्षणी कोसळतो तो प्राणी, आणि तुम्ही ‘जिंकलो’ म्हणणार तेवढ्यात जे संगीत वाजतं ते जिंकल्याचं नसतं. त्यातले काही तर तुमच्या वाटेलाही जात नाहीत. तेरावा वाळवंटावर नुसता उडत असतो, तुमच्यावर एकदाही हल्ला करत नाही, तुम्हीच बाण मारून त्याला खाली आणायचं. तो मारल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

पीएस २ ला हा गेम झेपत नाही हे खरंय, मोठे प्राणी आले की चित्र चांगलंच अडखळतं. २०१८ मध्ये पीएस ४ वर सगळा नव्याने बनवलाय, दिसतो सुंदर, चालतो गुळगुळीत, तुम्ही खेळणार असाल तर तोच खेळा. मला जुनाच हवा. आणि तरी तो मी परत पूर्ण खेळत नाही, घोड्यावर बसते, फिरते, कोणालाही न मारता बंद करते. याला लावणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, देणार मात्र नाही.

प्रश्न: नव्याने सुरुवात करायचीय, कुठला कन्सोल घेऊ? आणि गेम बॉयच्या नकली कॅसेटी कशा ओळखायच्या?

पीएस २. आजवर सगळ्यात जास्त विकला गेलेला कन्सोल आहे, १५ कोटींच्या वर, त्यामुळे कन्सोल, गेम, सुटे भाग सगळं मिळतं, शिवाय पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही त्यात चालतात म्हणजे एका यंत्रात दोन पिढ्या. घेताना डिस्क लावून बघाच, लेन्स थकलेली असू शकते. सुरुवातीला इको, ओकामी, कटामारी डमासी. कटामारीत एक चिकट गोळा फिरवत टाचण्या, मग मांजरं, मग माणसं, मग इमारती गोळा करायच्या, आपल्यासारख्या जमवणाऱ्या लोकांवरच बनवलाय जणू.

नकली ओळखायचं तर उघडून बघणं हाच खात्रीचा मार्ग, आत सर्किट बोर्डवर निन्टेंडोचं नाव नीट छापलेलं असतं, नकलीत नसतं किंवा अक्षरं फासलेली असतात. न उघडता: लेबलचे रंग फिके, छपाई तिरकी, आणि अस्सल लेबलवर बहुधा एक छोटा आकडा दाबून उमटवलेला असतो, उजेडात तिरपं धरलं की दिसतो, त्यावर नजर ठेवा. आणि नवाकोरा दिसणारा पोकेमॉन एमराल्ड कोणी अगदी स्वस्तात देत असेल तर तो माणूस काही तुमचा नातेवाईक नाही.

प्रश्न: सेगाचा ड्रीमकास्ट कन्सोल चालू केला की कानठळ्या बसवणारा बीप येतो. बिघडलाय का?

नाही हो. कंट्रोलरमध्ये खोचलेलं ते छोटी स्क्रीन असलेलं मेमरी कार्ड, व्हीएमयू, त्याच्या दोन गोल बॅटऱ्या संपल्यात म्हणून ते ओरडतं. सेव्ह सुरक्षित आहेत, ते फ्लॅशमध्ये असतात, आणि कंट्रोलरमध्ये असताना व्हीएमयू कन्सोलच्या विजेवर चालतं. नवीन बॅटऱ्या घातल्या की बीप बंद. पण त्या लवकर संपतात आणि मेलेल्या बॅटऱ्या आत राहिल्या तर गळून पत्रा खातात, म्हणून मी सरळ काढून ठेवल्यात. बीप येतो तर येऊ दे, आता त्याच्याशिवाय ड्रीमकास्ट चालू झालाय असं वाटतच नाही मला.